कागदावर बरी झालेली आवडाबाई

डॉक्टर म्हटलं की लोकांना गळ्यातली नळी दिसते. नळी नाही तर डॉक्टर नाही, असा आपल्याकडचा कायदाच आहे. त्यामुळं रोशन गेटजवळच्या गल्लीत डॉ. फहमिदा शेख ही डॉक्टर आहे यावर कुणाचा धड विश्वास नव्हता. ना दवाखाना, ना दारावर पाटी. सकाळी साडेआठला डबा घेऊन क्रांती चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभी राहणारी बाई डॉक्टर कशी असेल? गल्लीतल्या बायका ताप आला की दुसऱ्या डॉक्टरकडं जायच्या आणि येताना फहमिदाला हळूच विचारायच्या, "ये गोली बराबर हय ना बाजी?" म्हणजे विश्वास अगदीच नव्हता असंही नाही.

तिची अम्मी नजमुन्निसा मात्र तोंडावर बोलायची. "इत्ते साल पढके कागजां देखती बैठती. इससे तो मास्टरनी हो जाती."

फहमिदा हसून सोडून द्यायची. अम्मीला कसं सांगणार की कागद तिनं स्वतःहून निवडला होता? शिकून झाल्यावर वर्षभर ती एका दवाखान्यात ड्युटीवर होती. तिथं एका बाळंतिणीचा हात तिच्या हातात असताना थंड पडला. चूक कुणाची नव्हती. मोठे डॉक्टर म्हणाले, होतं असं, सवय होईल. तिला सवय व्हायला नको होती. आपल्या हातात पुन्हा कुणी मरता कामा नये एवढंच तिनं मनाशी धरलं आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी घेतली.

काम असं होतं. गोळी बाजारात गेली म्हणजे कंपनी सुटली असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. गोळी खाऊन कुणाला चक्कर आली, कुणाच्या अंगावर गांधी उठल्या, कुणाला कावीळ झाली, तर डॉक्टर, दुकानदार किंवा घरचे लोक कंपनीला कळवतात. त्याची केस तयार होते. केसवर पेशंटचं नाव नसतं, फक्त इंग्रजी आद्याक्षरं असतात, कारण माणसाचं आजारपण चव्हाट्यावर आणायचं नाही असा नियम आहे. मग ती केस वाचून, हे गोळीनंच झालं की आणखी कशानं, हे ठरवायला डॉक्टर लागतो. माणूस भरती झाला किंवा दगावला, तर कंपनीला कळल्यापासून पंधरा दिवसांत सरकारला कळवावं लागतं. फहमिदा हे सगळं मन लावून करायची. समोर पेशंट नाही, रडणारे नातेवाईक नाहीत, हात थंड पडायची भीती नाही. ती खूश होती.

आणि एक काम होतं दुबार केसा निवडण्याचं. एकाच माणसाची खबर कधी दुकानदार देतो, कधी डॉक्टरही देतो. मग एका माणसाचे दोन होतात. ते होऊ नयेत म्हणून कॉम्प्युटर आद्याक्षरं, जन्मतारीख, गाव, औषध, फोन नंबर जुळवून बघायचा आणि सांगायचा की या दोन केसा एकाच माणसाच्या आहेत. फहमिदानं बटण दाबलं की दोन्हींची एक व्हायची. नवी खबर खरी, जुनी तिच्या पोटात.

आता ती प्रणाली बनली परदेशात. तिकडं माणसं वर्षभर कधीही जन्मतात. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख ही काय चीज आहे ते सांगायला नको. आधारच्या शिबिरात मशीनवाल्यानं विचारायचं, "आजी, जन्म कधीचा?" आजीनं सांगायचं, "मोठा दुष्काळ पडला त्याच्या आधीचा." मशीनवाल्याच्या मागं शंभर माणसं ताटकळलेली. तो एक जानेवारी टाकतो, वर्ष अंदाजानं ठोकून देतो आणि पुढच्याला बोलावतो. खुद्द नजमुन्निसाची जन्मतारीख एक जानेवारी होती. फहमिदाला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? माहीत होतं. पण घरचं शहाणपण घरी राहतं, कचेरीत गेलं की माणूस कचेरीसारखा वागतो. ही प्रणाली आल्यापासून दोन वर्षांत तिनं ते बटण दोनशे अकरा वेळा दाबलं होतं.

ऑगस्टचा दुसरा आठवडा असेल. जेवण करून फहमिदा आपल्या काचेच्या खोलीत आली, तर समोरच्या खुर्चीत एक म्हातारी बसलेली. सत्तरीच्या आतबाहेरची, काटकुळी, विरलेलं हिरवं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. कपाळ रिकामं. डोळे मात्र पार पिवळे. हळदीचा हात पुसावा तसे. आणि गळ्यात एक माळ होती, बारीक काड्यांची.

ती माळ फहमिदाला ओळखता आली. दवाखान्यात असताना खेड्यातले काविळीचे पेशंट हमखास ती घालून यायचे. गावातला माणूस मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात ओवून देतो. माळ गळ्याबरोबर बसते, मग दिवसागणिक सैल होत खाली उतरते. ती उतरेल तशी कावीळ उतरते म्हणतात. डॉक्टर लोक त्याला हसतात. पेशंट हसत नाहीत, ते रोज माळ मोजतात.

"आजी, कुणाकडं आलात? वर कुणी सोडलं तुम्हाला?"

म्हातारी अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाई, मी बरी झाले म्हणं. व्हय का?"

फहमिदानं रिसेप्शनला फोन लावायला मान वळवली. पुन्हा बघते तो खुर्ची रिकामी. बाहेर बसलेल्यांना विचारलं, कुणी म्हातारी गेली का इकडून? सगळ्यांनी नाही म्हटलं. एकानं तर, मॅडम, चहा सांगू का, असं काळजीनं विचारलं. फहमिदानं चहा घेतला. डोळ्यांवर ताण आलाय, चष्म्याचा नंबर बदलला असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. शिकलेल्या माणसाला समजुतींची कमी नसते.

चार दिवसांनी सकाळी कंपनीची बस मुकुंदवाडीला थांबली. खिडकीखाली तीच म्हातारी. एवढ्या गर्दीत तिला कुणाचा धक्का लागत नव्हता. माळ आता कमरेपर्यंत आली होती. तिनं मान वर करून विचारलं, "मी बरी झाले असं कोणी लिवलं?" काच बंद होती, तरी शब्द न् शब्द ऐकू आला. दिवसभर फहमिदाला घास गेला नाही.

रविवारी ती घरीच होती. दुपारचे बारा वाजलेले, अंगणात लख्ख ऊन. अम्मी ओसरीत तख्तावर बसून कोथिंबीर निवडत होती आणि तिच्या शेजारी, अगदी हातभर अंतरावर, ती म्हातारी बसलेली. दोन शेजारणी गप्पा मारायला बसाव्यात तशी. माळ गुडघ्यांवरून खाली लोंबत होती. अम्मीला काही दिसत नव्हतं. तिनं फक्त पदर अंगाभोवती ओढून घेतला. "इत्ती थंडी हवा कहां से आरी गे? पंखा तो बंद हय."

म्हातारी फहमिदाला म्हणाली, "माळ उतरली, बाई. कावीळ गेली. कागदावर बी तसंच हाय. मंग मला जाळलं कामून?"

फहमिदा भिंतीला धरून खाली बसली. अम्मी कोथिंबीर टाकून धावली, पाणी पाजलं, कुराणातली आयतुल कुर्सी पढून फुंकर घातली, नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या. फहमिदाला आता भूत आहे की नाही हा प्रश्नच राहिला नव्हता. म्हातारीनं काम सांगितलं होतं. कुणीतरी जळालेलं माणूस कागदावर बरं झालं होतं आणि कागद फहमिदाचा होता.

सोमवारी तिनं काविळीच्या, बरं झाल्याची नोंद असलेल्या सगळ्या केसा काढल्या. एकोणीस निघाल्या. बाराव्या केसवर तिचा हात थांबला. ए. एफ. एस., स्त्री, जन्म एक जानेवारी, लासूर स्टेशन. औषध, गुडघेदुखीची कंपनीची नवी गोळी. ही केस दोन खबरांची मिळून झाली होती. पहिली नऊ जुलैची, लासूर स्टेशनातले औषध दुकानदार तात्यासाहेब यांनी कळवलेली. कावीळ, प्रकृती गंभीर, भरती केलं आहे. दुसरी तीस जुलैची, तालुक्याच्या एका डॉक्टरनं कळवलेली. कावीळ झाली होती, गोळी बंद केली, आता बरी आहे. आद्याक्षरं तीच, जन्मतारीख तीच, गाव तेच, फोन नंबरही तोच. कॉम्प्युटरनं एकच माणूस म्हणून सांगितलं, फहमिदानं बटण दाबलं, शेवट झाला बरी.

पण पहिल्या खबरीत वजन होतं एक्केचाळीस किलो आणि दुसरीत अठ्ठावन्न. कावीळ झालेली बाई तीन आठवड्यांत सतरा किलोंनी भरली? आणि खाली फहमिदाचीच टीप होती. वजनातला फरक ही लिहिण्यातली चूक दिसते. म्हणजे तिच्या नजरेला ते दिसलं होतं. दिसूनही तिनं बटण दाबलं होतं, कारण त्या दिवशी आणखी चाळीस केसा उरकायच्या होत्या.

तिनं तो नंबर लावला. पूर्वी कंपनीच्या माणसांनी तीनदा लावून पाहिला होता, कुणी उचलला नव्हता. आज उचलला. मागं कांद्याच्या लिलावाचा गलका चाललेला. बोलणारा म्हणाला, मी सांडू शेजूळ.

"तुमच्या आई कशा आहेत?"

"माय ना? ठीक हाय की. फिरती, खाती. मोठी माय गेली ना मॅडम. जुलैत. दवाखान्यात नेली तवा पाच दिस काढले तिनं."

"मोठी माय म्हणजे?"

"आमच्या बापाला दोन बायका व्हत्या. आवडाबाई मोठी, तिला लेकरू नाय झालं. मंग माझी माय केली, अंजनाबाई. दोघीला बी कावीळ झाली. एक वाचली, एक गेली." मग म्हणाला, "आता कामून विचारता?"

आवडाबाई फकिरा शेजूळ आणि अंजनाबाई फकिरा शेजूळ. एक नवरा, एक आडनाव, एक घर, घरात एक फोन, आधारच्या एकाच शिबिरात एका मागोमाग उभ्या राहिलेल्या, म्हणून जन्मतारीखही एक. सगळं आयुष्य सवतीबरोबर वाटून घेतलेली बाई मेली, तर तिचं मरणसुद्धा सवतीच्या बरं होण्याखाली गेलं. फहमिदानं फोन ठेवला. तिला रडू आलं ते भीतीचं नव्हतं, शरमेचं होतं.

तिचे वरिष्ठ डॉ. बद्रीनाथ लोहकरे. माणूस वाईट नव्हता. खेड्यात बारा वर्षं दवाखाना चालवून इकडं आलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नवी केस कर. मृत्यू. कंपनीला कळल्याची तारीख आजची टाक. आज तुला फोनवर कळलं, आज तू लिहिलंस. खोटं काय त्यात?"

"सर, ती आजारी आहे हे नऊ जुलैलाच कळलं होतं. भरतीची खबर होती. आपण शोधायला हवं होतं. मी ती पुसून टाकली."

"मग नऊ जुलै टाक. सरकार विचारेल, उशीर का? तू सांगशील, मी दोन बायांची एक केली. तपासणीवाले म्हणतील, आणखी किती अशा केल्यास? किती आहेत?"

"दोनशे अकरा."

"त्यातल्या खऱ्या दुबार किती?"

लोहकरे सरांनी आवाज उतरवला. "तुझा सहीचा अधिकार काढून घेतील, फहमिदा. नोकरीही जाईल कदाचित. मेलेली बाई काही परत येत नाही."

ती येते, असं फहमिदाच्या ओठांवर आलं होतं. पण ती एवढंच म्हणाली की आधी लासूरला जाऊन खात्री करते, सोमवारी सांगते.

आता तिच्यापुढचा पेच सोपा होता आणि म्हणूनच सुटता सुटत नव्हता. खरी तारीख टाकली तर तिची नोकरी गेली. आजची टाकली तर ती वाचते, मृत्यूची नोंदही होते, पण बाकीच्या दोनशे दहा बंद पेट्या कुणी उघडत नाही. आणि ती गोळी आजही दुकानात विकली जात होती, गुडघे धरून बसलेल्या बायका आजही ती पाण्याबरोबर गिळत होत्या.

शनिवारी ती पॅसेंजरनं लासूर स्टेशनला उतरली. सांडू मोटरसायकल घेऊन आला होता. गावाबाहेर दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढं कांद्याची चाळ. अंजनाबाई दारातच बसलेली, भरल्या अंगाची. डोळ्यांत पिवळेपणाची नुसती किनार राहिलेली. सांडू चहाचं बघायला आत गेला तशी ती फहमिदाच्या जवळ सरकली.

"डॉक्टरीण बाई, पोराला सांगू नका. तिला गोळ्या मीच दिल्या."

"म्हणजे?"

"चिठ्ठी माझ्या नावाची व्हती. गाडीवर दोघंच बसत्यात. पोरगा मला घेऊन डॉक्टरकडं गेला, ती घरी राहिली. ती म्हणली, माझं काय, तू जाऊन ये. तिचे गुडघे माझ्याहून लई दुखायचे. मंग मी तात्यासाहेबाकडून दोघीपुरत्या आणल्या. सकाळी एक मी घ्यायची, एक तिला द्यायची. माझ्या हातानं." तिनं आपला उजवा हात उलटा करून पाहिला. "तीस वरसं भांडलो, बाई. नवरा मेला, मंग भांडायला काय राहिलं नाय. मंग एका ताटात जेवायला लागलो. आन् मी तिला मारलं."

"कावीळ दोघींना एकदमच झाली?"

"चार दिस पुढं-मागं. दोघींनी एकाच दिशी माळ घातली. माझी उतरली. तिची नरड्यालाच राहिली, शेवटपतूर. तशीच जाळली."

फहमिदानं पाहिलेली माळ रोज वाढत होती. ती कागदानं वाढवलेली माळ होती.

गेली सहा वर्षं जे काम ती काचेच्या खोलीत करत आली होती, ते आज पहिल्यांदा माणसासमोर करायचं होतं. तिनं नीट, सावकाश विचारलं. किती दिवस घेतली? दुसरं औषध चालू होतं का? झाडपाला? दारू? पूर्वी कधी कावीळ? दवाखान्याचे कागद मागवून तिनं तपासण्या वाचल्या. मग म्हणाली, "अंजनाबाई, ऐका. गोळी तुम्ही डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतली. डॉक्टरनं सांगितली तेवढीच घेतली. बरोबर?"

"व्हय."

"आणि कावीळ तुम्हालाही झाली. आवडाबाईंना चिठ्ठी नव्हती म्हणून झाली असती, तर तुम्हाला का झाली? चिठ्ठी असून तुम्ही पिवळ्या पडलात. तुमचं अंग दणकट, तुम्ही निभावलात. त्यांच्या अंगात तेवढा जोर नव्हता. दुसऱ्याची गोळी खाऊ नये हे खरंच, ते मी नाही म्हणणार नाही. पण त्या गेल्या त्या गोळीनं."

"तुमी मला बरं वाटावं म्हणून सांगता."

"नाही. माझं कामच हे ठरवायचं आहे. नक्की, बहुधा, कदाचित, नाही, असे शब्द आहेत आमच्याकडं. शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही. मी बहुधा लिहिणार आहे. माझ्या सहीनं. आणि हे मला लिहिता येतं ते तुम्ही दोघी वेगळ्या आहात म्हणून. दोघींचा एक कागद राहिला असता तर मलाही कळलं नसतं." तिला थांबता आलं नाही. "तो एक कागद मी केला होता. आवडाबाईंना मी बरी झाली म्हणून लिहिलं. चूक माझी."

अंजनाबाईनं रागानं काही बोलावं, अंगावर यावं, असं फहमिदाला वाटत होतं. त्यानं हलकं वाटलं असतं. पण म्हातारीनं विचारलं, "तुमाला कसं कळलं मंग? कोणी सांगितलं?"

फहमिदानं सांगितलं. खुर्ची, मुकुंदवाडीची बस, अम्मीचं तख्त, सगळं. ऐकून अंजनाबाईचे डोळे भरून आले, पण तिचा प्रश्न फहमिदाच्या ध्यानीमनी नव्हता.

"तुमच्याकडं येती? तुमच्याकडं?" ती म्हणाली. "मी रोज दार उघडं ठेवती, बाई. वाट बघती. मला एकदा बी दिसली नाय. मला वाटलं, माझ्यावर रुसली. म्हणून येत नाय." पदरानं तिनं तोंड पुसलं. "परत आली तर तिला सांगा, घरी ये म्हणावं. अंजनानं बोलावलंय. माझी उतरलेली माळ मी ठिवून दिलीय, तिला घालीन म्हणावं."

परतीच्या गाडीत फहमिदा खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिला त्या बाळंतिणीचा हात आठवला आणि पहिल्यांदाच तो आठवून ती पळाली नाही.

सोमवारी तिनं लोहकरे सरांना विचारलंही नाही. दोन्ही केसा सोडवल्या. अंजनाबाईच्या केसवर बरी होत आहे, आवडाबाईच्या केसवर मृत्यू. कंपनीला कळल्याची तारीख, नऊ जुलै. उशिराचं कारण या चौकटीत तिनं लिहिलं की दोन पेशंट एकच समजून मी त्यांच्या केसा एकत्र केल्या, फरक दिसूनही तपास केला नाही, आणि अशा आणखी दोनशे दहा केसा मी मंजूर केल्या आहेत, त्या सगळ्या पुन्हा उघडाव्यात. खाली पूर्ण नाव घालून सही केली. सरकारला गेलं.

लोहकरे सर आले, पडद्यावरचं वाचलं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "दुपारनंतर तुझी सही बंद होईल. चौकशी होईपर्यंत." मग दारापर्यंत जाऊन मागं वळले. "वाचायला तरी मी तुला मनाई केलेली नाही. त्या केसा कुणीतरी वाचायलाच लागतील." गोळीची विक्री थांबवायचा कागदही त्यांनी त्याच दुपारी वर पाठवला, हे तिला नंतर कळलं.

तीन वाजले असतील. फहमिदानं मान वर केली. आवडाबाई खुर्चीत बसली होती. या वेळी तिनं काही विचारलं नाही.

"आवडाबाई," फहमिदा म्हणाली. नाव घेऊन तिनं पहिल्यांदाच हाक मारली होती. "तुम्ही बऱ्या झाल्या नाहीत. तुम्ही चौदा जुलैला गेलात. मी तसं लिहिलंय. मला माफ करा."

म्हातारीनं मान हलवली.

"आणि अंजनाबाईंनी तुम्हाला घरी बोलावलंय. रोज दार उघडं ठेवतात त्या. त्यांना वाटतंय तुम्ही रुसलात."

"येडी हाय ती," आवडाबाई म्हणाली. आवाजात माया होती. "ज्याच्या कागदावर बरी झाले, त्याच्याच दारी बसायचं व्हतं मला. कागदावर बरी आसून घरी कोनत्या तोंडानं जाणार? घरच्यांनी तर मला जाळलं व्हतं." ती गुडघ्यांवर हात देऊन उठली, पिशवी काखेत घेतली, सावकाश चालत दाराशी गेली. तिथं काचेला हात लावून थांबली आणि वळून बघितलं.

"बाई, भाईर माझ्यावानी अजून लई जण बसल्यात. एक तर लेकरू घेऊन आलीय. एकेकाला आत लावून देऊ का?"

फहमिदाचे हात गार पडले होते. तिनं ते टेबलावर एकमेकांवर घट्ट धरले. मग समोरची खुर्ची थोडी जवळ ओढली.

"द्या," ती म्हणाली. "लेकरूवाली आधी."